बढतीची वाट: दोघींची अंगणवाडी आणि हजारोंची जिल्हा परिषद

बढतीसाठी काम यावे लागते, सेवेची वर्षे लागतात, वरिष्ठांचा चांगला शेरा लागतो. पण या सगळ्याच्या आधी वरची जागा असावी लागते. लहान कामाच्या ठिकाणी ती बहुधा नसतेच. मोठ्या ठिकाणी ती असते, पण तिथे कोणाला बसवायचे हे ठरवणाऱ्याने त्या माणसाला काम करताना कधी पाहिलेले नसते. न्याय्य बढतीचा प्रश्न या दोन अडचणींच्या कात्रीत सापडलेला आहे.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे सोयाबीन, तूर आणि कापसावर चालणाऱ्या टापूतले गाव. अशा गावात या प्रश्नाचे बहुतेक नमुने एका फेरीत पाहता येतात. किराणा दुकान आणि कृषी सेवा केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, तलाठ्याचे कार्यालय. माणसे मोजली तर ही सगळीच ठिकाणे लहान. फरक एवढाच की यांतली काही स्वतःपुरती लहान आहेत आणि काही एखाद्या प्रचंड यंत्रणेचे शेवटचे टोक आहेत. दुकानातल्या नोकराच्या डोक्यावर फक्त मालक असतो. शाळेतल्या शिक्षकाच्या वर केंद्र, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि मंत्रालय.

देशातील बहुसंख्य कामाची ठिकाणे पहिल्या प्रकारची आहेत. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत भारतात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३.१३ कोटी माणसे मोजली गेली. सरासरी काढली तर एका आस्थापनेत सव्वादोन माणसे. वर्तमानपत्रांत बढतीविषयी जे छापून येते, ते जवळजवळ सगळे सरकारी कार्यालये आणि मोठ्या कंपन्यांबद्दल असते; सव्वादोन माणसांच्या ठिकाणी बढती म्हणजे काय, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

दुकानात गुणवत्तेची परीक्षा रोज होते आणि ती चुकण्याचा संभव कमी असतो. कोणता पोरगा उधारीची वही नीट ठेवतो, कोणाच्या हाती गल्ला सोपवता येतो, शेतकऱ्याने पिवळे पडलेले पान आणून दाखवले की कोण नेमके सांगतो, हे मालकाला दोन हंगामांत कळते. त्यासाठी गोपनीय अहवाल लागत नाही. तरीही दहा-पंधरा वर्षे इमाने काम केलेला माणूस तिथेच राहतो, कारण गादीवर बसायची वेळ येते तेव्हा मालकाचा मुलगा बसतो. यात मालकाचा पक्षपात शोधण्यात फारसा अर्थ नाही; दुकान त्याचे आहे. नोकराच्या वाट्याला दिवाळीचे बक्षीस, अडीअडचणीला उचल, थोडी पगारवाढ आणि गावातला विश्वास येतो. त्याची खरी बढती म्हणजे स्वतःचे दुकान टाकणे. कृषी सेवा केंद्राच्या बाबतीत तीही सरळ नाही. कीटकनाशके विकण्याच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा विज्ञान विषयातील ठरावीक शिक्षण लागते. शिक्षण अपुरे असलेल्या विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ साली ‘देसी’ नावाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, पण तो मुख्यतः आधीच दुकान चालवणाऱ्यांसाठी. काउंटरवर आयुष्य घालवलेल्या मदतनिसाला औषधांची माहिती कितीही असली, तरी परवान्यासाठी कागद दुसऱ्या कोणाचा तरी लागतो.

कायद्याला ही ठिकाणे दिसतच नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने, गुणवत्तेचा विचार न करता काही कामगारांना झुकते माप देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली. कलम उत्तम आहे. पण एका गटाला झुकते माप दिले असे म्हणायला मुळात दोन गट हवेत, तुलनेला आणखी चार माणसे हवीत, आणि तक्रार केल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच मालकासमोर उभे राहण्याची हिंमत हवी. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तर दहा कामगारांपासूनच्या आस्थापनांसाठी करण्यात आला. त्याखालच्यांनी फक्त माहिती कळवायची होती. लहान दुकानदारावर कागदपत्रांचा बोजा नको हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा की दुकानात न्याय मिळाला तर तो मालकाच्या स्वभावातून मिळतो, आणि स्वभावाविरुद्ध अपील नसते.

अंगणवाडी दुकानापेक्षाही लहान: एक सेविका, एक मदतनीस. मुलांना घरून आणणे, आहार शिजवणे, झाडलोट ही मदतनिसाची कामे. नोंदी, वजने, पूर्वशालेय शिक्षण ही सेविकेची. ही वाटणी कागदावरची. मातांच्या बैठका आणि लसीकरणाच्या दिवशी दोघींचे काम एकच होऊन जाते, आणि सेविका रजेवर असली की मदतनीस अंगणवाडी चालवते. कोण किती राबते हे साऱ्या वस्तीला ठाऊक असते. या दोघींना वरची वाट खुली झाली ती त्या एका अवाढव्य योजनेच्या टोकाला आहेत म्हणून. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ‘सक्षम अंगणवाडी’ मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे सेवा झालेल्या मदतनिसांमधून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे सेवा झालेल्या सेविकांमधून भरायच्या आहेत, अर्थात शिक्षणाची अट पुरी होत असेल तर.

या शेवटच्या अटीपाशी बऱ्याच जणी अडतात. सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण असणे लागते. पूर्वी कमी शिक्षणावर लागलेल्या मदतनिसाने वीस वर्षे काम केले असेल, तरी तिच्यासमोर बारावी झालेली नवी मुलगी सेविका म्हणून येते आणि जुनीने नवीला काम शिकवायचे असते. सेविकेच्या पुढचा हिशेब आणखी कठीण. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण पंचवीस अंगणवाड्या असतात. म्हणजे पंचवीस सेविकांमागे वरची एक जागा, तीही रिकामी होईल तेव्हा, आणि त्यातली निम्मीच त्यांच्यासाठी. निवड कितीही चोख झाली तरी चोवीस जणी जागच्या जागी राहणार. बढतीच्या नियमांवर वाद घालताना हे गणित बऱ्याचदा विसरले जाते. जिन्याला पायऱ्याच दोन असतील तर चढण्याची संधी सर्वांना समान आहे, या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

ग्रामपंचायतीत मालक कोण, हाच प्रश्न दर पाच वर्षांनी नव्याने सुटतो. शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, वसुली करणारा लिपिक यांना ग्रामपंचायत नेमते. किती माणसे ठेवायची याचा आकृतिबंध लोकसंख्येवरून ठरतो. पाणी सोडणाऱ्या माणसाला गावातील प्रत्येक व्हॉल्व्ह आणि फुटणारी पाइपलाइन तोंडपाठ असते; पण निवडणुकीत तो कोणाच्या बाजूने होता, हेही नव्या पदाधिकाऱ्यांना तितकेच पाठ असते. पंचायतीच्या आत त्याला वरची जागा नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड मधील सरळसेवेच्या १० टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी ठेवल्या आहेत आणि त्यासाठी जिल्हा परिषद साऱ्या जिल्ह्यातील कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी करते. लहान ठिकाणच्या माणसाला मोठ्या ठिकाणची पायरी देण्याची ही सोय चांगली आहे. तिच्यात सरपंचाची मर्जी चालत नाही, तशीच पाणी वेळेवर सोडल्याची नोंदही कुठे येत नाही. शिवाय भरती वर्षानुवर्षे रखडली की यादीत वर असलेली माणसे वयोमर्यादा ओलांडून जातात.

गावातील पदे एके काळी याहून अगदी निराळ्या पद्धतीने भरत. पाटीलकी, कुलकर्णी किंवा पटवारीपण घराण्यात चाले. वतन बापाकडून मुलाकडे जाई आणि कामाचा वकूब हा दुय्यम प्रश्न असे. शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरागत होऊ दिली नाहीत आणि वतनाऐवजी रोख पगारावर भर दिला, पण त्यांच्यानंतर वतनांची चाल पुन्हा बळावली. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. आज गावचा महसूल पाहणारा तलाठी परीक्षा देऊन येतो, त्याची ज्येष्ठता गावाबाहेर ठरते आणि पुढे मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार अशी वाट असते. गावातले पद गावाबाहेरच्या मोठ्या यादीला जोडले, तेव्हा ते एका घराच्या हातून सुटले. मोठ्या यंत्रणेच्या रुक्ष नियमांना नावे ठेवताना त्यांनी काय मोडून काढले, तेही लक्षात ठेवायला हवे.

शाळेत तर आकार आणि बढती यांचा संबंध कायद्यातच लिहिलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून जास्त मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी शंभराहून जास्त. पट त्याखाली असेल तर शिक्षकांपैकीच एक जण प्रभारी होतो. शालेय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, बांधकाम, सभा ही सगळी मुख्याध्यापकाची कामे तो करतो. पद मात्र त्याला मिळत नाही. दोन शिक्षकी शाळेतल्या प्रभारीने शाळा कितीही नावारूपाला आणली तरी त्याच शाळेत त्याची बढती होऊ शकत नाही. त्याला जिल्ह्याच्या यादीची वाट पाहावी लागते.

ही ज्येष्ठता यादी एकदा नीट पाहण्यासारखी असते. अनुक्रमांक, नाव, शाळा, जातप्रवर्ग, जन्मतारीख, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता, पहिल्या नियुक्तीचा दिनांक, ज्येष्ठतेचा दिनांक, शेरा. आधी तात्पुरती यादी निघते, ती पंचायत समितीत लागते, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. मग प्रत्येक जण आपल्या वरचे आणि खालचे नाव तपासतो. आंतरजिल्हा बदलीने आलेल्याची ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून, एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांत आधी कोण, बी.एड. कोणत्या वर्षी झाले, अशा बारीक गोष्टींवर हरकती येतात. त्या निकाली काढून अंतिम यादी लागते. या साऱ्या स्तंभांत मुलांना वाचता येते का, असा स्तंभ नाही. हा दोष उघड आहे. पण यादीचा मोठा गुण असा की ती कोणालाही वाचता येते, चूक बोट ठेवून दाखवता येते आणि एका माणसाची मर्जी तिच्यात शिरायला जागा फार थोडी असते. हजारो शिक्षकांच्या जिल्हा परिषदेत प्रत्येकाचे अध्यापन पाहून क्रम लावायचा म्हटले, तर पाहणाऱ्याचा क्रम कोण लावणार?

गुणवत्ता आत आणण्याचे दोन मार्ग मोठ्या यंत्रणेने शोधले: परीक्षा आणि गोपनीय अहवाल. दोन्ही अर्धवट ठरले आहेत.

परीक्षेचे उदाहरण म्हणजे केंद्रप्रमुखाचे पद. डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने या पदाच्या निम्म्या जागा ज्येष्ठतेने पदोन्नतीतून आणि निम्म्या शिक्षकांमधूनच विभागीय स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले. कल्पना रास्त आहे. तरुण, हुशार शिक्षकाला वीस वर्षे थांबावे लागू नये आणि अनुभवी माणसावरही अन्याय होऊ नये. पण परीक्षा मोजते ते शिक्षणविषयक कायदे, बुद्धिमापन, चालू घडामोडी. केंद्रप्रमुखाला करायचे असते ते दहा-बारा शाळांत जाऊन शिक्षकांना मदत करणे, रुसलेल्या शाळा व्यवस्थापन समितीशी बोलणे आणि माहितीचे तक्ते वेळेवर वर पाठवणे. शिवाय अभ्यासाला वेळ कोणाला मिळतो, हाही भाग आहे. चार वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्याला तो कमीच मिळतो.

अहवालाचे दुखणे वेगळे. शासकीय कर्मचाऱ्याचा दरवर्षीचा अहवाल प्रतिवेदन अधिकारी लिहितो, पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो आणि मागील काही वर्षांच्या शेऱ्यांवरून पदोन्नती समिती पात्र-अपात्र ठरवते. एके काळी तो खरोखरच गोपनीय असे. सीमा रस्ते संघटनेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांचा १९९३-९४ चा शेरा ‘चांगले’ असा होता. अधीक्षक अभियंत्याच्या पदासाठी मागील पाचही वर्षे ‘फार चांगले’ हवे होते. त्या एका शब्दाने बढती गेली आणि तो शब्द त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निकाल दिला की प्रतिकूलच नव्हे, तर प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. निकालाने अंधार गेला. त्याची दुसरी बाजू मात्र प्रत्येक कार्यालयात अनुभवाला येते: शेरा वाचला जाणार, त्यावर अर्ज येणार हे माहीत असलेला अधिकारी वाद नको म्हणून सरसकट वरचीच प्रत देतो. सगळेच उत्तम ठरले की समितीपुढे निवडायला पुन्हा ज्येष्ठताच उरते.

परीक्षा आणि शेरा दोन्ही बिनचूक झाले, तरी एक पेच राहतो. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ च्या ‘द पीटर प्रिन्सिपल’ या पुस्तकात तो गमतीने मांडला: माणूस आपल्या कामात चांगला असतो म्हणून वर जातो आणि जिथे तो चांगला नसतो त्या पायरीवर थांबतो. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील शंभराहून अधिक कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा गमतीत तथ्य निघाले. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती अधिक मिळत होती आणि व्यवस्थापक म्हणून तेच तुलनेने कमी पडत होते. पहिलीच्या मुलांना वाचते करणारी शिक्षिका विस्तार अधिकारी झाली, तर वर्ग एक चांगली शिक्षिका गमावतो आणि कार्यालयाला कदाचित एक साधारण अधिकारी मिळतो. त्यावर शिक्षकांसाठी शोधलेला तोडगा म्हणजे पद न बदलता वेतन वाढवणे: बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. निवडश्रेणी वीस टक्क्यांनाच मिळते. इतर राज्य कर्मचाऱ्यांना सुधारित आश्वासित प्रगती योजनेखाली १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर असा लाभ मिळतो. हे लाभ गुणांचे नाहीत, थांबल्याचे आहेत, अशी टीका होते आणि ती बरीचशी खरी आहे. पण लहान शाळेत राहू इच्छिणाऱ्या चांगल्या शिक्षकाला शाळा सोडायला ते भाग पाडत नाहीत.

लहान ठिकाण आणि बाहेरचा नियम यांची सर्वांत रोचक गाठ खासगी अनुदानित शाळेत पडते. संस्था गावातली, शिक्षक वीस-पंचवीस, संस्थाचालकांना प्रत्येकाचे काम ठाऊक, पगार सरकारचा. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्यापूर्वी मुख्याध्यापक कोणाला करायचे हे संस्थेच्या मनावर होते, आणि संस्थेच्या मनात बऱ्याचदा घरचाच माणूस असे. १९८१ च्या नियमावलीने ‘अनुसूची फ’ नुसार ज्येष्ठता यादी ठेवणे बंधनकारक केले. अर्हता असलेला आणि समाधानकारक सेवा असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षकच मुख्याध्यापक होईल असे ठरवले. माध्यमिक शाळेसाठी पदवीनंतर किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, त्यातला दोन वर्षांचा प्रशिक्षणानंतरचा. त्याहून महत्त्वाचे कायद्याचे कलम ९. बडतर्फी किंवा पदावनती याविरुद्ध जशी शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, तशीच बढतीत डावलले गेल्याबद्दलही मागता येते, तीस दिवसांच्या आत. भारतातल्या फार थोड्या लहान कामाच्या ठिकाणी असा हक्क आहे.

त्याची किंमतही आहे. या व्यवस्थेत गुणवत्ता फक्त नकारार्थी उरते: सेवा असमाधानकारक नसावी, एवढेच. शाळेला उभारी देणारा पस्तीस वर्षांचा शिक्षक यादीत अकरावा असेल, तर तो अकरावाच. कायद्याने संस्थाचालकाच्या डोळ्यावर अविश्वास दाखवला आणि तारखेवर विश्वास ठेवला. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांचा कारभार पाहता हा निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही.

तारखेच्या नियमाला सामाजिक बाजूही आहे. ज्यांना सेवेत यायलाच उशीर झाला, ते यादीत खाली राहतात. म्हणून १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी पदोन्नतीत आरक्षण ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राचा आरक्षण कायदा जानेवारी २००४ पासून लागू झाला आणि मे २००४ च्या शासन निर्णयाने भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गालाही पदोन्नतीत आरक्षण मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये हा निर्णय रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या सर्व जागा २५ मे २००४ च्या ज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरवले. त्यावरून बराच वाद झाला. लहान दुकानात हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण तिथे यादी नाही; पण नोकर कोणाच्या ओळखीने लागला हे पाहिले, तर जात तिथेही असतेच.

मोठ्या यंत्रणेतील बढतीला एक अट चिकटलेली असते, ती म्हणजे जागा जिथे रिकामी असेल तिथे जाणे. समुपदेशनाच्या दिवशी ज्येष्ठतेनुसार नावे पुकारली जातात, पडद्यावर रिकाम्या शाळा दिसतात आणि वरची नावे सोयीच्या जागा घेऊन जातात. कारंजा तालुक्यातील शिक्षिकेच्या वाट्याला रिसोड तालुक्याच्या टोकाचे गाव आले, तर घरात म्हातारे सासूसासरे आणि दहावीतला मुलगा असताना ती बहुधा नकार लिहून देते. पगारातला फरक तसा थोडाच असतो. नियमाच्या दृष्टीने तिला संधी दिली गेली आणि तिने ती नाकारली, म्हणून काही काळ तिचे नाव पदोन्नतीसाठी विचारात घेतले जात नाही आणि वेतनश्रेणीच्या पुढच्या लाभांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. असे नकार किती आणि कोणाचे, याची दखल पदोन्नतीच्या धोरणात घेतली जात नाही. समुपदेशनाच्या नोंदीत ‘नकार’ असा शेरा पडतो आणि यादीतले पुढचे नाव पुकारले जाते.